फिजोआची युद्धबंदी

सुभेदार जगताप रोज सकाळी सात वाजता निळी टोपी घालून आमच्या गल्लीत गस्त घालत. पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात वही. कुणाचा कचऱ्याचा बिन कुणाच्या दारात सरकला, कुणाचं कुत्रं कुणावर भुंकलं, सगळ्याची नोंद. आफ्रिकेत दोन देशांच्या सीमेवर ते शांतिसेनेत होते. आता इथे परदेशात, पामर्स्टन नॉर्थला मुलाकडे राहत. मुला-सुनेचं पटत नाही हे गल्लीला ठाऊक होतं. वहीत मात्र त्या घराचं पान नव्हतं. आधी स्वतःचं घर सांभाळा म्हणावं, असं मी सगळ्यांना ऐकवायचे.

२०१४ साली त्यांना खरंखुरं युद्ध मिळालं. ते मी दिलं. मी तेव्हा बासष्टची, म्हणजे अक्कल यायची होती. शेजारच्या मॉइराचं फिजोआचं झाड आमच्या कुंपणावर वाकलेलं. फिजोआ म्हणजे पेरूचा आंबटगोड चुलतभाऊ. पडलेली फळं मी उचलायचेच, पण काहींना पडायला मदतही करायचे. मॉइराने पाहिलं. ती इंग्रजीत तापली, मी मराठीत. माझं इंग्रजी ‘थँक्यू’ आणि ‘सॉरी’ एवढंच, आणि सॉरी तर मी मराठीतही म्हणत नसे.

सुभेदारांनी कुंपणाशी खुर्ची टाकली. रोज चार वाजता दहा मिनिटं बोलणी, दुभाषे तेच.

“भांडण मिटवणं आपलं काम नाही, वहिनी,” ते म्हणत. “आपण फक्त वेळ काढायचा. माणसं आपोआप दमतात.”

मी तयारी करून जाई. मॉइराला कंजूष म्हटलं, भवानी म्हटलं, तिच्या स्वेटरला पायपुसणं म्हटलं. सुभेदार गंभीर चेहऱ्याने भाषांतर करत, आणि मॉइरा दिवसेंदिवस खुलत चालली. आठव्या दिवशी तिने जॅमची बरणीच पुढे केली. मला वाटलं, काय माझा दरारा!

खिडकीतून ऐकणारी माझी नात हसून लोळत होती. “आजी, ही इज मेकिंग इट अप. सुभेदार आजोबा मनाचंच सांगतात!” पायपुसण्याचं त्यांनी ‘हिला ही वीण शिकायची आहे’ असं केलं होतं.

जाब विचारायला मी तडक त्यांच्या घरी गेले. सून दूर पापाकुऱ्याला बहिणीकडे निघाली होती, कायमची. आतून मुलगा काहीतरी लागट बोलला, तिनेही तसंच परतवलं. सुभेदार खाली बसून तिच्या बॅगेची अडकलेली चेन लावून देत होते.

गाडी वळेपर्यंत ते रस्त्यात उभे राहिले. मी विचारलं, “तुम्ही मधे नाही पडलात?”

“पडलो की, वहिनी. पण त्या दोघांना एकमेकांचा शब्द न शब्द कळतो.”