सुपारी शाबूत

जाफराबादचे मच्छिंद्रराव अडकित्त्याला बायकी हत्यार समजत. भावकीत कुणाचीही सोयरीक जुळो, सुपारी फोडायचा मान त्यांच्या दाढेचा. कटकन आवाज झाला, की लग्न पक्कं!

"बावन्न सुपाऱ्या फोडल्या," ते सांगत, "एक बी सोयरीक मोडली न्हाई!"

आता त्रेपन्नावी होती खुद्द त्यांच्या लेकीची, अर्पिताची. आठ दिवस उरले होते आणि दाढ हलायला लागली होती. घासताना रक्त यायचं ते वेगळंच. उषाबाईंनी नवऱ्याला अक्षरशः ओढत दातांच्या दवाखान्यात नेलं.

"काका, दाढेला कीड न्हाई," डॉक्टर नाहिद म्हणाल्या. मच्छिंद्ररावांनी बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. "पण दाढ जाणार."

"कीड न्हाई, मंग जाईल कशी?"

"जंतूंनी. दातावर थुंकीचा पातळ थर असतो. त्याला आधी साधे जंतू चिकटतात. ते बिचारे गरीब. पण त्यांना धरून दुसरे बसतात, दुसऱ्यांना धरून तिसरे..."

"म्हंजे भोकरदनची काळीपिवळी जीप! एकाला धरून दुसरा लटकलेला!" उषाबाई म्हणाल्या.

"बराबर! गर्दी वाढली की आत हवा पोचत न्हाई. खऱ्या बदमाशांना तेच पाहिजे असतं. ते हिरडीखाली उतरतात. हिरडी सुजते, दातापासून सुटते, खालचं हाड झिजतं. तुमच्या दाढेवर तर थराचा दगड झालाय. तो आजच खरवडून काढू."

मच्छिंद्ररावांनी तोंड मिटून घेतलं. त्यांच्या हिशेबी तो दगड म्हणजे दाढेचा गिलावा होता. गल्लीतल्या संपतनं दात साफ करून घेतले आणि महिन्यात सगळे हलायला लागले, हे कुणाला माहीत नव्हतं?

"सुपारी होऊ द्या, मंग काढा," असं म्हणून ते खुर्चीतून निसटले. आणखी आठ दिवस काळीपिवळी भरत राहिली.

धावड्याचे पाहुणे आले. उषाबाईंनी गुपचूप अडकित्ता पुढे सरकवला. होणारे व्याही अण्णासाहेब हसले.

"त्याचं काय काम? व्याहीबुवांच्या दाढेचं नाव धावड्यापर्यंत पोचलंय!"

झालं! सुपारी दाढेखाली गेली. कटकन आवाज आला. टाळ्या पडल्या. मच्छिंद्ररावांनी तोंडावर उपरणं दाबलं. डोळ्यांतून धारा लागल्या.

"बापाचं काळीज हाय हो!" अण्णासाहेब गहिवरले. त्यांच्या बहिणीनं डोळ्याला पदर लावला. तिचं पाहून दुसरीनं लावला. दोन मिनिटांत बैठकीला मयतीची कळा आली.

"पप्पा, रडू नका ना," अर्पिता हुंदके देत म्हणाली, "मी दर सणाला येईन!"

"द्या ती सुपारी," अण्णासाहेब म्हणाले. "वाटून टाकू."

उपरणं उघडलं. सुपारी शाबूत होती. शेजारी दाढ पडली होती. मुळासकट, कीड नसलेली!

रडणं चाकूनं कापल्यासारखं थांबलं. कोपऱ्यातून एक म्हातारी पुटपुटली, "सुपारी फुटली न्हाई. अपशकुन झाला बाई." अण्णासाहेब उठून चपला शोधायला लागले. अर्पिताचा चेहरा पांढराफटक पडला. बावन्न परक्या पोरी उजवल्या आणि नेमकी आपलीच बुडवली, या विचारानं मच्छिंद्ररावांना रक्त गिळायचंही सुचेना.

उषाबाई उठल्या. त्यांनी सुपारी उचलली, धुतली, खलबत्त्यात टाकली आणि एकच घाव घातला.

"फुटली! बसा खाली!"

अण्णासाहेब बसले. त्या आवाजापुढे म्हातारीही बसली, जी मुळात उठलीच नव्हती. सोयरीक पक्की झाली.

आता पहिलं खांड मुलीच्या बापाला द्यायची रीत. अण्णासाहेबांनी ते मोठ्या मायेनं पुढे धरलं.

"चावा व्याहीबुवा! शकुनाला न्हाई म्हणू नका."

मच्छिंद्ररावांनी जिभेनं दुसऱ्या बाजूची दाढ चाचपली. तीही उतरायच्या तयारीत होती.

त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.