आईच्या वालाची साल

लक्ष्मणरावांनी वाल उकळले ते निव्वळ ज्ञानाच्या हौसेपायी. सिंदीच्या पोस्टातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्यांना सात महिने झाले होते, आणि रिकाम्या माणसाला हौस कशाचीही येते.

वाल त्यांच्या बायकोचे, आनंदाबाईंचे होते. एकतीस वर्षांपूर्वी त्या तळेगावहून सासरी निघाल्या तेव्हा आईने मूठभर काळं बी त्यांच्या पदरात बांधून दिलं होतं. ते त्या दरसाल कुंपणाला लावत आणि पुढचं बी राखेत घोळवून डब्यात ठेवत. गेल्या साली माकडांनी वेल ओरबाडला, म्हणून डब्यात उरले मोजून एकवीस दाणे. पोटी मुलगी नव्हती; यंदा पेरणी नव्या सुनेच्या, अंकिताच्या हातून करून ते बी तिच्या हवाली करायचं होतं.

अंकिता वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. डबा पाहून ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, हा काळा रंग नुसता सालीत असते. सालीच्या पेशीत तयार होते, अन् पेशीतच एक कोठी असते, तिथं नेऊन भरून ठेवते. आतली डाळ पांढरीच."

"कोठी? कुलूपबंद?"

"तसंच समजा. गरम पाण्यात टाकलं का कोठी फुटते, रंग बाहेर."

दुसऱ्या दिवशी सासू-सून वर्ध्याला साड्या घ्यायला गेल्या आणि लक्ष्मणरावांनी पातेलं चुलीवर ठेवलं. आधी दोनच दाणे टाकले. पाणी जेमतेम गढुळलं. दोन दाण्यांत शास्त्र काय दिसणार, म्हणून त्यांनी डबा उपडा केला. पाणी पिकल्या जांभळासारखं झालं, आणि पाच मिनिटं त्यांच्याइतका सुखी माणूस सिंदीत नव्हता. मग त्यांनी चमच्याने दाणे वर काढले. साली फाटल्या होत्या, डाळ बोटाने दबत होती. शिजलेलं बी उगवत नाही, हे कळायला एम.एस्सी. लागत नाही.

बाजारात काळा वाल मिळेना. पांढरा मिळाला. तो त्यांनी त्याच जांभळ्या पाण्यात बुडवून पाहिला, तर नुसता मळका झाला. शेवटी टेबलावरची शाईची दौत काढली. तीन वेळा रंगवून, वाळवून, राखेत घोळवून एकवीस दाणे डब्यात गेले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्यांनी एक चिठ्ठी इकडची तिकडे केली नव्हती, त्यांनी हे केलं.

पेरणीच्या सकाळी ते ओसरीवर पेपर घेऊन बसले. इतकी वर्षं या वेळी ते पोस्टात असत. ही पेरणी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

"हे एक तोंडात धर," आनंदाबाई सुनेला सांगत होत्या, "शेवटचा दाणा मातीत जाईस्तोवर बोलायचं नाई. बोललं का वेल वांझ राह्यते. तोंडातले दोन शेवटी लावू."

लक्ष्मणराव ताडकन उठले. "तोंडात कायले धरता? बियाले आजकाल औषध लावलेलं राह्यते."

"घरच्या बियाले कोन औषध लावते? पेपर वाचा तुमी." असं म्हणून त्यांनी आपल्याही तोंडात दाणा टाकला.

तिसऱ्या आळ्यापाशी अंकिताच्या हनुवटीवर निळा-काळा ओघळ आला. आनंदाबाईंनी तो पाहिला. स्वतःचे ओठ पुसून बोट पाहिलं. मग ओसरीकडे पाहिलं. बोलल्या मात्र नाहीत. एकोणीस दाणे शांतपणे लावले, तोंडातले दोन लावले, माती सारखी केली. लक्ष्मणरावांना ती पेरणी संपूच नये असं वाटत होतं.

चूळ भरून आनंदाबाई आत आल्या. "माह्या मायचं बी कुठं हाय?"

त्यांनी सगळं सांगितलं.

"एकही नाई ठेवला?"

"नाई."

"तोंडात बी नसतं, त सुनेसमोर तुमची अब्रू राह्यली नसती आज," असं म्हणून त्या भाकरी थापायला बसल्या. नंतर त्या विषयावर एक शब्द नाही. अंकितानेही जीभ घासून घासून धुतली आणि काही विचारलं नाही. लक्ष्मणरावांना फार वाईट वाटलं. बायकोने भांडी आपटली असती तर बरं झालं असतं. ते न सांगता एसटीने तळेगावला जाऊन आले. तिथे मेव्हण्याच्या बायकोने वाल लावणं कधीच सोडलं होतं.

थंडीत वेल असा लदबदला की कुंपण वाकलं. फुलं पांढरी, दाणे पांढरे.

शेजारच्या कमलाबाई बी मागायला आल्या. "तुया मायचाच ना वं हा? पन काळा होता ना तो?"

"तो संपला. हा आमच्या ह्यायचा वाल हाय," आनंदाबाई म्हणाल्या आणि ओंजळभर दाणे दिले.

दोन वर्षांत ते बी गल्लीभर झालं. लोक त्याला पोस्टमास्तरचा वाल म्हणू लागले, आणि रस्त्यात थांबवून लक्ष्मणरावांची तारीफ करू लागले. "मास्तर, काय बी काढलं जी तुमी." ते मान हलवून पुढे जात. एकदा कमलाबाईंनी त्याच वालाची भाजी वाटीभर पाठवली. लक्ष्मणरावांनी ती खाली मान घालून खाल्ली. भाजी चांगली झाली होती, आणि तेच त्यांच्या मनाला जास्त लागलं.