यंगदो बेटावर डुकराचे मुंडके हसविले त्याची हकीकत

ऐकणारांनी चित्त द्यावे. आज ज्यांचा चित्रपट लागताच सोल शहरी थेटरांपुढे माणूस माणसावर चढते, ते दिग्दर्शक राजमान्य बान मुनहो यांची पहिली मोहीम बुसान बंदरी, यंगदो बेटावर कैसी जाहली ते लिहितो. घडले तितकेच लिहिले, पदरचे मीठ घातले नाही.

ते समयी मुनहोंचा खजिना रिता. तोफखाना म्हणावा तर एक उसना कॅमेरा, आणि फिल्म इतकी थोडी की शॉट एकदाच घ्यावा. मुलूख म्हणून माएंगमावशींची डुकराच्या रश्श्याची खानावळ मिळविली. आणि थोर नटी चॉन बोकनाम बाईसाहेब यांनी कथेवर खूश होऊन बिदागीवाचून एक दिवस दिला. सायंकाळी त्यांनी गाडीने सोलला मालिकेच्या चाकरीवर रुजू व्हावे. म्हणजे आज शॉट न झाला तर चित्रपट बुडाला. प्रसंग ऐसा, की खानावळवाली दार उघडते आणि बाहेर भुकेला जमाव उभा. जमाव आणण्यास द्रव्य नव्हते. मग दोघा चुलतभावांस उभे करून त्यांसच जमाव मानावे, ऐसी मसलत ठरली.

आणि त्या देशीचा दस्तूर ऐसा, की आधी कॅमेऱ्यापुढे डुकराचे मुंडके मांडावे, तोंडात नोटा खोचाव्या, सर्वांनी दंडवत घालावे, मगच चित्रण. मुंडके हसरे पाहिजे, तरच चित्रपट चालतो. मुनहोंनी काटकसर करून मावशींचे मुंडके घटकाभर उसने घेतले आणि कच्चेच मांडले. आता कच्च्या मुंडक्याचे ओठ लोंबतात. शिजताना कातडे आकसते, गाल वर ओढले जातात, तेव्हा हसू उमटते. हे शास्त्र मुनहोंस ठाऊक नव्हते.

बाईंनी मुंडके न्याहाळले आणि खुर्चीत बसकण मारली.

"दिग्दर्शकसाहेब, हे तर माझ्याआधीच रडतंय. याच्यापुढं मी नाही वाकायची."

"बाई, डुकराच्या हसण्यावाचून काय अडलंय?"

"रडक्या डुकराला दंडवत घालून एक सिनेमा केला होता मी. आठवतोय तुम्हाला? नाही ना? मग!"

कॅमेरामन दाल्ग्यू यांनी शर्थ करून ओठ चिकटपट्टीने वर बांधले.

"आता निर्मात्यासारखं दिसतंय," बाई म्हणाल्या.

मग मुनहो दिलगीर होऊन मावशींच्या हुजुरात गेले आणि हसरे मुंडके मागितले.

"अरे मेल्या, हेच मुंडकं दुपारी गिऱ्हाइकांच्या वाडग्यात जायचंय! दुसरं कुठून आणू?"

खलबत होऊन तह जाहला, की मुंडके मावशींच्या देगीत शिजावे, दंडवत व्हावे, मग कापावे आणि तोवर खानावळ बंद. मुनहोंनी जाळ वाढवू पाहिला तो मावशींनी हातावर पळी मारली, की कातडे फाटेल. ऐसे होता दुपार टळू लागली. गोदीचे कामगार जेवावयास आले तो दार बंद, आणि आतून रश्श्याचा घमघमाट. गल्ली भरली.

"मावशे, डुक्कर शिजतंय का पोहतंय?"

"उघड गं! भोंगा वाजेल आता!"

मुनहोंनी माफी मागावयास खिडकीतून डोकावले, आणि समोर अस्सल भुकेली फौज पाहून त्यांचा आ वासला तो वासलाच.

इतक्यात देगीतून मुंडके निघाले, कानापर्यंत हसत. बाई खुशाल जाहल्या. मुनहोंनी घरी परतावयाच्या भाड्याची शेवटली नोट त्याच्या तोंडी देऊन ऐसे दंडवत घातले, की कपाळ फरशीवर वाजले. आणि मग फर्मान सुटले, की कॅमेरा फिरावा, बाईंनी दार उघडावे, बाहेरच्यांस कोणी काही शिकवू नये.

दार उघडले, वाफ लोटली, जमाव उसळला, दोघे चुलतभाऊ त्यात गडप जाहले, आणि बाई तसूभर न हलता गरजल्या, "रांगेत या रे! सगळ्यांना मिळेल!" हे वाक्य पटकथेत नव्हते. फिल्म संपली तेव्हा शॉट पदरात होता, आणि मुनहो कमरेस फडके बांधून वाडगी वाढीत होते.

पुढे महोत्सवी परीक्षकांनी पुसले, की ऐसे जातिवंत नट कोठले, त्यांस तालीम ती काय दिली. मुनहो अदबीने म्हणाले, "जेवण उशिरा दिलं."

येणेप्रमाणे यंगदो फत्ते जाहले. आपले कोणी जखमी नाही. एक मुंडके तेवढे मोहिमेत कामी आले.