काच खाणारं पाणी

बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी धुरकट झाली, त्याला सव्वा महिना झाला होता. कागलच्या एमआयडीसीतल्या त्या कापड रंगवायच्या कारखान्यात संघप्रिया केमिस्ट होती. तेवढ्या काळात तिनं मालकांना, श्रेणिकशेठना, तीन चिठ्ठ्या लिहिल्या. तिन्ही 'पाहू' असा शेरा घेऊन परत आल्या. आतलं पाणी संपलेलं दिसलं नाही तर बॉयलर फुटणार, आणि तेव्हा शेजारी बॉयलर चालवणारे गणपतराव उभे असणार. ते मात्र रोज सकाळी चिंच लावून नळी बाहेरून घासत.

"मळ नाही तो, गणपतराव," ती शेवटी म्हणाली. "उकळत्या पाण्यानं आणि वाफेनं काच आतून खाल्लीय. पातळ झालीय ती."

गणपतरावांनी चिंच खाली ठेवली. "पानी काच खातंय व्हय?"

दाब लागतो, महिने लागतात, हे तिनं सांगितलं. पण गणपतराव तोवर कँटीनच्या वाटेला लागले होते. दुपारी कामगारांनी चहाचे काचेचे ग्लास पालथे घातले. संध्याकाळी ड्रायव्हरबरोबर बातमी शेठच्या घरी कोल्हापुरात पोचली. शेठच्या आई, त्रिशलाआक्का, जैन नेमानं उकळलेलंच पाणी पीत, आणि ते ठेवायला शेठनी कारखान्याच्या प्रयोगशाळेतला काचेचा चंबू दिला होता. आक्कांनी पाणीच सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी संघप्रियाला गाडीत बसवून आईकडे धाडलं. "तुमीच समजवा आता. कालपासनं थेंब न्हाय पोटात."

संघप्रियानं समजावलं. तासाभरात निवणारं पाणी चंबूला काही करत नाही; बॉयलरमधल्या वाफेची गोष्ट निराळी. आक्कांनी चंबू खिडकीच्या उजेडात धरला. स्वच्छ होता.

"आन् तुमच्याकडची काच?"

"तिच्यातून काही दिसत नाही, आक्का."

"श्रेणिकला म्हाईत हाय?"

"तीनदा लिहून दिलंय."

"तिथं उभं कोन ऱ्हातंय?"

"गणपतराव."

आक्कांनी भरलेला पेला खाली ठेवला आणि कारखान्यात फोन लावला. चंबूची शंका फिटली, असं त्यांनी मुलाला शांतपणे सांगितलं. "पर गणपतच्या म्होरं नवी काच बसल्याबिगर मी पानी घेनार न्हाय. आन् दिवस मावळल्यावर मी घेतच न्हाय, ते तुला ठावं हाय."

सव्वा महिना न मिळालेली नळी दुपारी दोन वाजता दारात हजर झाली. साडेचारला ती बसली. आत पाण्याची रेघ लख्ख दिसू लागली, तेव्हा शेठ स्वतः फोनकडे धावले.

संघप्रिया थकून टेबलाशी बसली. पाणी ओढणारा पंपही पंधरा दिवस गळत होता. त्याची चिठ्ठी लिहायला तिनं कागद पुढं ओढला, तोच गणपतराव स्टीलच्या पेल्यातून चहा घेऊन आले. त्यांनी कागदावरची पहिली ओळ वाचली.

"बाई, शाई कशाला घालवताय?" पेला ठेवत ते म्हणाले. "आक्कांनी पानी प्यायच्या आत त्यास्नी सांगून टाका की."

संघप्रियानं पेनाला टोपण लावलं.