नारळाच्या डाव्या अंगाचा ध्रुव

छातीठोकपणे सांगतो, ध्रुवतारा ओळखण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या बेंगळुरात सापडायचा नाही! पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या लग्नात, आनेकलला सासऱ्यांच्या गच्चीवर, भटजींनी मान वर करायच्या आत मी सुप्रीताला ध्रुव दाखवला होता. नारळाच्या डाव्या अंगाला, ठळक, पिवळसर. मंडळी गप्पच झाली होती!

म्हणून यंदा मी जाहीर करून टाकलं, "लग्नाच्या वाढदिवसाला त्याच गच्चीवरून त्याच ध्रुवाचा फोटो!" चाळीस पाहुण्यांना आमंत्रणं गेली.

दुर्बीण घरात होती. नव्हता तो माउंट, म्हणजे तिच्याखालचं यंत्र. पृथ्वी फिरते, त्यामुळे फोटोत तारे फरफटतात. माउंट आभाळाच्या चालीनं हळूहळू वळतो, मग तारे टिंबासारखे येतात. दुकानात पहिला पसंत केलेला माउंट उचलला आणि माझ्या कमरेतून कट्कन आवाज आला.

"हा ग्राइंडर आनेकलच्या बसमध्ये कोण चढवणार?" सुप्रीतानं विचारलं.

मग डब्याच्या पिशवीत मावणारा घेतला. दुकानदार म्हणाला, "सर, ह्याचा आस बरोबर ध्रुवाकडे लावायचा. आपल्याकडे ध्रुव फार खाली असतो, स्वल्प चुकतंच. फोनवर ॲप आहे..."

"ॲप? मला?" मी हसलो. "अहो, भर लग्नात ध्रुव दाखवलेला माणूस आहे मी!"

"सरी सर, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाला बिचारा.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सातला आम्ही गच्चीवर. सासूबाई गोदूबाई खुर्चीत, मेहुणे शेषगिरी कॉफीचा पेला घेऊन कठड्याशी. नारळ जागेवर होता. डाव्या अंगाला ध्रुवही होता! आस त्याच्यावर रोखला, बटण दाबलं, चार मिनिटांनी फोटो बघितला. सगळे तारे शेवयांसारखे लांबलेले आणि मधोमध ध्रुव, एकटा, ठाम!

"बघ! सगळे हलले, हा नाही हलला!"

"पण माउंटवर कुणीच हलत नाही म्हणाला होतात ना?" सुप्रीता म्हणाली.

"माउंटच खराब निघाला. परत करू."

तेवढ्यात करंट गेला. सगळं आनेकल काळोखात बुडालं. आणि ध्रुव विझला!

सुप्रीता किंचाळली, "अहो, ध्रुव गेला!"

शेषगिरींनी कॉफीचा घोट घेतला. "भावजी, तो अगरबत्तीच्या कारखान्याच्या टाकीवरचा दिवा. माझ्या मुंजीपासून आहे."

"मग पंचवीस वर्षं बोलला का नाहीत?"

"नव्या जावयाला कसं सांगायचं? मग राहूनच गेलं."

"आणि भटजी?"

"त्यांना जेवायला उशीर होत होता."

सासूबाई ताडकन उठल्या. "अय्यो देवा! म्हणजे माझ्या लेकीनं टाकीला नमस्कार केला? लग्न अर्धवटच राहिलं की! शेषगिरी, भटजींना फोन लाव. उद्या पाहुण्यांसमोर परत लावू!"

"परत? मुंडावळ्या बांधून? ह्या कमरेनं?"

सुप्रीता मात्र गप्प. पंचवीस वर्षांत ती इतका वेळ गप्प बसलेली मी पाहिली नव्हती. तिला काय वाटत असेल? उभा संसार एका बल्बच्या भरवशावर!

"चुकलो गं," मी म्हणालो. "पण काहीतरी बोल."

"काय बोलू? मला तेव्हा टाकीसुद्धा दिसली नव्हती!"

"म्हणजे?"

"मुलीला चष्मा आहे हे तुमच्याकडे कळू नये म्हणून आईनं तो दिवसभर लपवला होता. मला नारळही दिसत नव्हता. भटजी म्हणाले, 'दिसला म्हण.' मी म्हटलं, दिसला!"

"पण तुझा चष्मा तर लग्नानंतर पंधरा दिवसांनी..."

"तेव्हा घातला. होता शाळेपासून!"

सासूबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "शेषगिरी, भटजींना फोन नको."

मग ढग आले. दुसरा फोटो काही मिळाला नाही. सकाळी तो पहिलाच मोठा करून फ्रेममध्ये घातला. म्हटलं, पाहुण्यांना काय कळतंय!

संध्याकाळी पडदा सरकवला. टाळ्या पडल्या. जेवायला आलेल्या भटजींनी सवयीनं विचारलं, "दिसला?"

सुप्रीतानं चष्मा पुसला, नीट नाकावर चढवला, फ्रेमजवळ गेली आणि चाळीस जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज अगदी स्वच्छ दिसला! खाली कारखान्याचं नावसुद्धा वाचता येतंय!"