सचोटी पदकाची हकीकत

माणसाला पन्नास वर्षं पूर्ण झाली, ही बातमी जगातल्या बहुतेक व्यवसायांत सहानुभूतीने ऐकली जाते. व्यावसायिक गोल्फमध्ये मात्र त्या वाढदिवसासाठी माणूस देव पाण्यात घालून बसतो. एकोणपन्नासाव्या वर्षी तो म्हातारा असतो. आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांकडून दर आठवड्याला हरून घरी येतो. पन्नासाव्या वाढदिवसाच्या सकाळी तो ज्येष्ठांच्या स्पर्धांना पात्र होतो आणि तिथे सगळ्यांत पोरगेला ठरतो. इतका स्वस्त कायाकल्प फ्लोरिडातसुद्धा दुसरीकडे मिळत नाही, आणि फ्लोरिडात तर त्याचीच दुकानं आहेत.

आमचं टस्कोरा ज्येष्ठ अजिंक्यपद हे अशा पुनर्जात मंडळींचं अजिंक्यपद. ते 'मेजर' आहे, म्हणजे गोल्फमधल्या मोजक्या मानाच्या स्पर्धांपैकी एक. मेजर कशाला म्हणावं याची व्याख्या कुठे लिहिलेली नसल्यामुळे आमच्या समितीने एकमताने ठराव करून ते मेजर असल्याचं जाहीर केलं, आणि त्यावर आजतागायत कोणी हरकत घेतलेली नाही. (ठराव कोणी वाचला नसण्याची शक्यता गृहीत धरली आहे.) स्पर्धेला पहिली काही वर्षं गवत कापायच्या यंत्रांच्या कंपनीने आश्रय दिला, मग कवळी चिकटवण्याच्या मलमाच्या कंपनीने, मग श्रवणयंत्रांच्या. श्रवणयंत्रांच्या काळात टाळ्या वाढल्या, असं जुने सभासद सांगतात. खेळाडूंनी एका होलपासून दुसऱ्यापर्यंत चालत जावं की बॅटरीच्या गाडीतून, हा आमच्या इतिहासातला सर्वांत मोठा तात्त्विक वाद. चालण्याच्या बाजूचे सगळे सदस्य बैठकीला गाडीतून येत.

मी या समितीचा चिटणीस. इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण ते ठरलं त्या बैठकीला मी गैरहजर होतो.

आता मुख्य मुद्दा. इतर ठिकाणी लोक वय चोरतात, आमच्याकडे वाढवतात. म्हणून आमचा चौथा नियम कडक आहे: खेळाडूने जन्माचा दाखला द्यावा, दाखला नसल्यास जन्मदात्या किंवा पालनकर्त्या व्यक्तीने समितीसमोर शपथेवर वय सांगावं. ('पालनकर्त्या' हा शब्द अध्यक्ष कर्नल व्हँडरग्रिफ्ट यांच्या आग्रहाने घातला. त्यांना आत्याने वाढवलं होतं.) ज्यांची जिंकण्याची शक्यता नाही अशांकडे आम्ही दाखला मागत नसू. उगाच जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटे.

याच सौजन्यामुळे वर्लिन स्टॉजिल आमच्या स्पर्धेत आला.

वर्लिन वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातला, कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा मुलगा. ओहायोत हमरस्त्याच्या कडेला एका सरावाच्या मैदानावर तो दातांच्या डॉक्टरांना गोल्फ शिकवायचा. स्वतः कधी काही जिंकला नव्हता. जन्म घरी झालेला. तालुक्याची कचेरी कागदपत्रांसकट जळालेली. बाप्तिस्म्याची वही ज्या चर्चमध्ये होती ते चर्च पुराने नेलेलं. म्हणजे हा माणूस जन्मला होता याला त्याच्या आईखेरीज पुरावा नव्हता. 'दाखला नंतर पाठवतो,' असं त्याने सांगितलं, आम्ही 'बरं' म्हणालो, आणि तो पात्रता फेरीतून आत आला.

आणि जिंकला. शेवटच्या होलवर त्याने एखाद्या दिवाणखान्याच्या लांबीपेक्षाही लांबून चेंडू खळग्यात घातला आणि ग्रेडी पोलार्डला एका फटक्याने मागे टाकलं. ग्रेडी हा मोठा माणूस, ऐन तरुणपणापासूनचा विजेता. त्याच्या घरी करंडकांसाठी वेगळी खोली होती. तो हसून वर्लिनला भेटला. हरलेल्याने हसून भेटायचं असतं, हा आमचा नववा नियम.

वर्लिनची आई ओलिटाबाई तिथंच होती. दहा मैलांवरच्या निवृत्तांच्या वसाहतीत ती राहायची. प्रेक्षकांना अडवणारी दोरी ओलांडून तिने मुलाला मिठी मारली आणि त्याची टोपी सरळ केली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. खाली ओळ होती: 'पन्नास वर्षांच्या विजेत्याला कवटाळताना त्याच्या एकसष्ट वर्षांच्या मातोश्री.'

ग्रेडी पोलार्डने आयुष्यात कधी वजाबाकी केली नव्हती. ते काम त्याचा हिशेबनीस करी. त्या सकाळी त्याने स्वतः केली.

समितीची बैठक क्लबच्या जेवणघरात भरली. चिकन सॅलडचे सँडविच होते, बर्फ घातलेला गोड चहा होता. (गंभीर चौकशीला आम्ही पाय ठेवत नाही, म्हणजे तो लिंबाचा गोड पदार्थ. त्याने वातावरण सैल होतं.) एका बाजूला ग्रेडी, एका बाजूला वर्लिन, आणि मधे ओलिटाबाई. तिच्या शेजारी तिची पर्स मांडीवर घेऊन हार्लन ट्विडी बसले होते.

हार्लनबद्दल सांगायला हवं. पासष्ट वर्षांचे, निवृत्त बँक व्यवस्थापक, दोन बायका गेलेल्या. जूनमध्ये त्यांचं ओलिटाबाईशी लग्न ठरलं होतं. वसाहतीतल्या विधवांमध्ये त्यांना मागणी होती, पण पहिल्याच भेटीत ते प्रत्येकीला सांगत, "मला आता कोणाला पुरायचं नाही. माझ्या मागे राहील अशीच हवी." हे ऐकून बऱ्याच जणी उठून गेल्या होत्या. ओलिटाबाई म्हणाली होती, "मी एकसष्टची आहे," आणि आणखी चहा ओतला होता.

कर्नलनी ओलिटाबाईला शपथ दिली आणि घसा साफ केला. "मॅडम, आपलं वय?"

"छापून आलंय की."

"एकसष्ट?"

"मी पेपरवाल्यांशी भांडत नाही."

"आणि वर्लिन पन्नासचा?"

"पुरता. मार्चमध्ये झाला."

कर्नलनी कागदी रुमालावर दोन आकडे लिहिले, खाली रेघ ओढली, आणि रुमाल उलटा करून ठेवला. कर्नल सभ्य गृहस्थ होते. "मॅडम, मग त्या वेळी आपण... म्हणजे शाळेत कितवीत होता?"

कोणी हसलं नाही. ग्रेडी छताकडे बघत होता. हार्लननी पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला आणि पुन्हा सोडला. ओलिटाबाईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. वर्लिन खिडकीशी उभा होता. करंडक टेबलावर होता. त्यावर त्याचं नाव अजून कोरायचं होतं.

"वर्लिन माझा मुलगा नाही," ओलिटाबाई म्हणाली.

समितीतल्या एकाने सँडविच खाली ठेवलं.

"माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा तो. ती बाळंतपणात गेली. मी नंतर आले, पोर पदरात घेतलं, वाढवलं. हा पन्नासचा, मी एकसष्टची. झालं?"

खरंच झालं होतं. चौथा नियम तंतोतंत पाळला गेला होता: पालनकर्ती व्यक्ती, शपथेवर, समितीसमोर. कर्नलना आत्या आठवली असावी. त्यांनी चष्मा पुसला. हार्लन तर उघड रडत होते. "स्वतः पोरसवदा असताना," ते म्हणाले, "परक्याचं मूल... ओलिटा, तू मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलं नाही," ओलिटाबाई म्हणाली, आणि त्यांना पर्समधला रुमाल काढून दिला.

आता, वर्लिनची हनुवटी ओलिटाबाईचीच होती. कानही तेच, वरून जरा पुढे आलेले. बोलण्याआधी मान डावीकडे कलती करण्याची लकबसुद्धा तीच. पण समितीच्या नियमांत हनुवटीविषयी काही नाही, आणि नियमाबाहेरचं पाहणं आमच्या शिस्तीत बसत नाही. कर्नल म्हणाले, "तर मग निकाल कायम—"

"साहेब, थांबा," वर्लिन म्हणाला.

तो खिडकीपासून टेबलापर्यंत आला. धिप्पाड माणूस होता, चालला की कपबशा वाजायच्या.

"ममा, तुझं लग्न झालं तेव्हा तू कितीची होतीस?"

"सतरा," ओलिटाबाई म्हणाली. एवढं एक उत्तर तिने विचार न करता दिलं. "का रे?"

"आणि मी कधी झालो?"

"गप बस, वर्लिन."

"दुसऱ्या वर्षी. तूच सांगायचीस, बर्फात सुईण अडकली होती म्हणून." त्याने ओठ हलवत हिशेब केला. त्याला वेळ लागला. गोल्फपटूंना मोठ्या आकड्यांची सवय नसते. "मग मी त्रेचाळीसचा. साहेब, मी वय खोटं सांगितलं. ही माझीच आई आहे. मला वाचवायला म्हणून ती काहीतरी बोलली."

गोल्फमध्ये पंच नसतो. चेंडू चुकून पायाने हलला, कोणी पाहिलं नाही, तरी खेळाडू स्वतः हात वर करून स्वतःवर दंड लावतो. या खेळाचा सगळा मोठेपणा त्यावर उभा आहे, आणि प्रत्येक बक्षीस समारंभात तो सांगितला जातो. पण कोणी स्वतःवर सात वर्षांचा दंड लावून घेतल्याचं आमच्यापैकी कोणी ऐकलं नव्हतं. आधी एक जण उठला, मग सगळे. टाळ्या थांबेनात. ग्रेडी पोलार्डने वर्लिनला मिठी मारली. तोही रडला आणि रडता रडता करंडक उचलून काखेत घेतला. हार्लन दुसऱ्यांदा रडले. "आईचं काळीज!" ते म्हणाले. "पोरासाठी आईपण सोडायला निघाली!" खोट्या शपथेची नोंद न करण्याचा ठराव कर्नलनी मांडला आणि तो मंजूर झाला.

त्याच बैठकीत 'स्टॉजिल सचोटी पदक' स्थापन झालं. दर वर्षी सर्वांत सत्यवचनी खेळाडूला ते दिलं जातं.

बैठक संपल्यावर मी माझ्या गाडीकडे गेलो. पलीकडच्या रांगेत ओलिटाबाई आणि वर्लिन उभे होते. हार्लन क्लबच्या दारापाशी लावलेली गाडी आणायला गेले होते. चोरून ऐकणं आमच्या नियमांत बसत नाही. माझी किल्ली सापडत नव्हती, एवढंच.

"कप हातात आला होता, मूर्खा," ती म्हणत होती.

"तू मला सावत्र केलंस."

"दहा मिनिटांसाठी! पुढच्या आठवड्यात परत घेतलं असतं."

"इतकी माणसं बसली होती, ममा."

"ती चिकन सॅलड खात होती. त्यांचं काय एवढं?" तिने त्याची कॉलर नीट केली. त्यासाठी तिला चवड्यांवर उभं राहावं लागलं. "आणि दिलास कोणाला, तर त्या ग्रेडीला. त्याच्या घरात ठेवायला जागा नाही."

"तू खरं सांगायचं होतंस. फक्त खरं."

ओलिटाबाईने हार्लन गेले त्या बाजूला पाहिलं. मग म्हणाली, "त्याने दोघींना पुरलंय, वर्लिन. रोज सकाळी माझ्याआधी उठतो आणि माझा श्वास चालू आहे का बघतो. मी डोळे मिटून पडून राहते, बघू देते त्याला. खरा आकडा कळला असता तर तो झोपलाच नसता."

वर्लिन म्हणाला, "म्हणजे लग्नाआधीच तुम्ही..."

"त्रेचाळीसचा आहेस ना? मग मोठ्यांच्या गोष्टीत बोलू नकोस."

तो हसला. मला तो हसताना प्रथमच दिसला. जिंकला तेव्हाही तो हसला नव्हता. मग हार्लन गाडी घेऊन आले, उतरून त्यांनी ओलिटाबाईसाठी दार उघडलं, वर्लिनचा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ हलवला, आणि ती दोघं गेली. वर्लिन ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत उन्हात उभा राहिला. मग ओहायोला परत जाऊन दातांच्या डॉक्टरांना शिकवू लागला.

पुढचं थोडक्यात. सात वर्षांनी वर्लिन स्टॉजिल अधिकृतरीत्या पन्नासचा झाला आणि रीतसर स्पर्धेत उतरला. समालोचकांनी त्याच्याकडे बघून, खाणीच्या भागातली माणसं लवकर पिकतात, असं मत दिलं. तो शेवटून दुसरा आला. शेवटचा जो होता तो पाठ धरल्यामुळे नवव्या होलवरच घरी गेला होता. सचोटी पदक त्याला देता आलं नाही, कारण पदक ज्याच्या नावाचं त्यालाच ते द्यावं की नाही याबद्दल नियम नाही. ओलिटाबाई बॅटरीच्या गाडीतून त्याच्या मागे मागे फिरली आणि शेजारच्या बायकांना सांगत राहिली, "या म्हाताऱ्यांत माझं पोर उगाच घातलं."

हार्लन ट्विडी एका दुपारी व्हरांड्यात खुर्चीत गेले. शांतपणे गेले. ओलिटाबाईच्या मागे आपल्याला राहावं लागणार नाही याची त्यांना शेवटपर्यंत खात्री होती, आणि त्यांचं खरं ठरलं. दफनाच्या वेळी वर्लिनने आईला हाताला धरून नेलं. ती त्याला म्हणाली, "हळू चाल. तुला आता झेपत नाही."

आमच्या स्पर्धेचा इतिहास इथे पूर्ण होतो. समितीने पुष्कळ वादानंतर ठरवलं आहे, की यापुढे कोणत्याही खेळाडूच्या आईला तिचं वय विचारायचं नाही.

आपण मात्र मघापासून बोटांवर हिशेब करत आहात. सतरा अधिक एक अधिक पन्नास. उत्तर बरोबर आलं असेल, त्याबद्दल समितीची तक्रार नाही. फक्त आम्हाला निदान करंडक कोणाला तरी द्यायचा होता. आपल्याला त्या बाईच्या वयाशी नक्की काय करायचं होतं?