यजमान यंत्रांच्या झडतीची हकीकत

सूज्ञ वाचकांसी सेवक लेखकाचा साष्टांग दंडवत. विशेष. पूर्वी थोर थोर राजे दुसऱ्याचे किल्ले घेत आणि त्यांचे पोवाडे जाहले, परंतु आपल्याच घरात जागा किती शिल्लक हे ज्यांस ठाऊक नाही, आणि ते जाणून घेण्यास ज्यांस फौजबंद मोहीम काढावी लागली, त्यांची हकीकत आजवर कोणी लिहून ठेविली नाही. ती सेवकाने, कोणी आज्ञा न करिता, लिहावयास घेतली आहे. पदरचे काही घातले नाही. घातलेच असेल तर शोभेपुरते.

एक मातब्बर पार्सल कंपनी होती. तिचा सारा कारभार एका थंडगार खोलीत, लोखंडी कपाटात रचलेल्या यंत्रांवर चाले. ही खरी यंत्रे यजमान म्हणवीत, आणि एकेका यजमानाच्या पोटी कित्येक आभासी यंत्रे बिऱ्हाडकरूंसारखी राहत, आणि प्रत्येक बिऱ्हाडकरूस वाटे की घराचे धनी आपणच. यजमान आपली मेमरी त्यांस वाटून देई आणि सारे सुखाने नांदत. या अवघ्या मुलुखाची सुभेदारी थोरल्या साहेबांकडे होती. साहेब मोठे तालेवार, बोलणे भारदस्त, आणि हातातला कप कोठे ठेविला हे मात्र नित्य दुसऱ्यास पुसत.

ऐसे असता कांही दिवसांपासून मुलुखात दुष्काळ पडला. बिऱ्हाडे धापा टाकू लागली, काउंटरवर गिऱ्हाइके आपले पार्सल कोठवर आले हे पुसत तिष्ठू लागली, आणि त्यातच पार्सल खात्याने नव्या आभासी यंत्राची अर्जदास्त गुदरली. मग साहेबांनी हुकूम फर्माविला की, प्रत्येक यजमानापाशी मेमरी किती आणि शिल्लक किती याचा तपशील आजच्या आज हुजुरांत दाखल करावा, आणि तो दाखल होईतो कोणी जागा सोडू नये, रजा मंजूर असली तरी ती नामंजूर समजावी.

हा शेवटचा घाव एकाच माणसाच्या वर्मी बसला. या यंत्रांची देखरेख जिच्याकडे होती तिला सारे सर्व्हरबाई म्हणत. बाईच्या वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन त्याच दिवशी होते. आबा जन्मभर शिवणकाम केलेले, डोळा हीच त्यांची दौलत, आणि त्यांनी इस्पितळात जाहीर केले होते की लेक आल्याशिवाय डोळ्यास कोणास हात लावू देणार नाही. डॉक्टरीणबाई दुपारपर्यंतच असणार होत्या आणि त्यानंतर परमुलखी जाणार होत्या, म्हणजे आज चुकले ते कित्येक महिने चुकले. धाकटा भाऊ आबांजवळ होता. त्याचा फोन आला.

"ताई, निघालीस का? आबा सगळ्यांना 'तुम्ही व्हा पुढे' म्हणत रांगेत मागे मागे सरकतायत."

"त्यांना म्हणावं, येतेय."

"तसं कधीच सांगितलंय. ते म्हणतात, येतेय म्हणजे अजून निघाली नाही."

आता त्या दफ्तराचा शिरस्ता ऐसा की, एकाने पडद्यावर एकेक यजमान उघडून आकडे मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने ते तक्त्यात भरावे, आणि तिसऱ्याने ते चुकले आहेत ऐसे म्हणावे. या रीतीने सायंकाळ ठरलेली. तेव्हा बाईने मनाशी मसलत केली की पायदळाने हे काम होणे नाही, येथे स्क्रिप्ट पाहिजे. स्क्रिप्ट म्हणजे संगणकास लिहून दिलेला हुकूमनामा, की अमुक दारी जा, साऱ्या यजमानांस एकदम पूस, आणि उत्तर घेऊन माघारी ये. बाईने एक जुनी, चालती स्क्रिप्ट काढिली, तिला नवे प्रश्न जोडिले, आणि कूच केले.

पहिल्याच वेशीवर शिकस्त खाल्ली. दारावरून जबाब आला की तुम्हांस परवानगी नाही. परवानग्यांच्या किल्ल्या ज्यांच्या हाती, ते किल्लीवाले काका खिडकीपाशी बसत, आणि जगातील प्रत्येक मनुष्य चोर असून कांहींस अद्याप संधी मिळाली नाही इतकेच, ऐसा त्यांचा सिद्धांत होता. मग बाई जातीने तेथे दाखल जाहली.

"काका, नुसतं बघायचंय. हात कशालाही लावणार नाही."

"बघायचंय म्हणूनच सगळे येतात."

"काका, आबा खोळंबलेत हो. ऑपरेशन आहे आज."

काकांनी चष्मा वर केला. "मग आधी नाही का सांगायचं? मी काय राक्षस आहे?" ऐसे म्हणून त्यांनी केवळ पाहण्यापुरता परवाना दिला, आणि राक्षस नसल्याचे सिद्ध करण्यासाठी वर एक लिमलेटची गोळीही दिली.

मग दुसरी वेस लागली. तेथे सनदेवरची मोहर, म्हणजे यंत्रास आपली ओळख पटविणारे प्रमाणपत्र, मुदत सरलेली निघाली, ती बदलिली. मग तिसऱ्या वेशीवर यजमानांनी उत्तरे दिली ती बाइटांत, म्हणजे आकडे ऐसे लांबलचक की एका ओळीत मावेनात, आणि वाचणाऱ्यास वाटावे की मेमरी नसून मुंग्या मोजल्या आहेत. बाईने त्यांवर भागाकाराचे वार केले आणि ते माणसांत आले. मग तक्ता उभा राहिला, आणि पाहते तो हर एक यजमान गळ्यापर्यंत भरलेला. कोठेही तिळाएवढी जागा नाही.

ही फत्ते नव्हे, ही आपत्ती. कारण जागा नाही म्हटले की नव्या यजमानाची खरेदी, आणि खरेदी म्हटले की साहेबांची बैठक, आणि साहेबांची बैठक एकदा बसली की ती उठते कधी हे खुद्द साहेबांसही ठाऊक नसे. बाईच्या डोळ्यांस पाणी आले. उगाच लपवावे कशाला, आले. ते कोणी पाहू नये म्हणून ती थंड खोलीत गेली आणि कपाटासमोर उभी राहिली, आणि हाताला चाळा म्हणून वरून खाली यजमान मोजू लागली. मोजून जाहल्यावर पुन्हा मोजले. कपाटात तक्त्याहून एक यजमान अधिक होता. त्यांतील एकाचा हिरवा दिवा संथ तेवत होता आणि अंगाला हात लावावा तर गार.

तेव्हा बाईच्या ध्यानी सारा प्रकार आला. पडद्यावर लाल-पिवळे कांही दिसले की साहेबांचे डोके दुखे, म्हणून कामावर हजर तेवढेच यजमान दाखवावे, बाकीचे झाकावे, ऐसा त्या दफ्तराचा दस्तूर पडला होता. तोच दस्तूर जुन्या स्क्रिप्टीतही उतरला होता. झाकलेल्यास कोणी पुसत नव्हते, आणि न पुसता तो सांगणार कसा? बाईने जागेवर येऊन ती एक अट खोडिली आणि हुकूमनामा पुन्हा धाडिला. मग तो यजमान प्रकट जाहला. स्थिती: दुरुस्तीसाठी बाजूला. बिऱ्हाडे: एकही नाही. मेमरी: अवघी शिल्लक. सारा मुलूख उपाशी आणि हा एकटा कोठारावर बसून.

यास बाजूला बसविला कोणी, हेही बाईने त्याच दमात स्क्रिप्टीकरवी पुसले. जबाब तत्काळ आला. थोरले साहेब, खासा. पंखा बदलण्यासाठी म्हणून साहेबांनी स्वहस्ते त्यास कामावरून काढिले होते, पंखा बदलला गेला, आणि तेवढ्यात जेवणाची वेळ जाहली असावी.

आता सेवकाच्या मते हाच या मोहिमेतील खरा घोर प्रसंग. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात साहेबांचे नाव लखलखत होते, आणि रजा साहेबांच्या हाती. खरे सांगावे तर साहेबांचा पारा चढावा, खोटे सांगावे तर दुष्काळ तैसाच राहावा. बाईने क्षणभर विचार केला, आणि स्क्रिप्टीतून तो रकानाच वगळिला. खोटे कांही सांगितले नाही. न पुसलेले तेवढे सांगितले नाही.

मग ती हुजुरांत हजर जाहली. "साहेब, एक यजमान राखीव दिसतोय. पूर्ण रिकामा आहे."

साहेबांनी तक्ता न्याहाळला. मुद्रेवर आधी कांहीच नव्हते, मग कांही आठवल्यासारखे जाहले, मग ते झाकले गेले. "राखीवच ठेवला होता मी तो. माणसानं पुढचं बघावं," ऐसे फर्मावून त्यांनी त्यास कामावर घेण्याचा हुकूम दिला.

"घेते साहेब. आणि मी निघू का?"

"म्हणजे? अजून गेला नाहीत तुम्ही?"

बाईने यजमानास कामावर घेतले, आणि दाटीवाटीची बिऱ्हाडे आपसूक उठून त्याच्याकडे चालती जाहली, आणि काउंटरवरची गिऱ्हाइके मार्गी लागली. हे पाहण्यास बाई तेथे नव्हती. ती रिक्षात होती.

इस्पितळात बाकावर आबा एकटेच उरले होते, आणि परिचारिका दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "आजोबा, आता तुमच्या मागे कोणी उरलं नाही हं."

बाई धापा टाकीत जवळ बसली.

"इतका वेळ? एवढं काय काम होतं?" आबांनी पुसले.

"एक जण रिकामा बसला होता, आबा, आणि बाकीचे मरत होते. तो कोण, ते शोधत होते."

"सापडला?"

"सापडला."

"साहेबच असणार."

बाई इतकी हसली की परिचारिकेने दटाविले. मग आबांनी तिचा हात घट्ट धरिला आणि उठले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. दफ्तरी नोंद ऐसी की, थोरल्या साहेबांनी दूरदृष्टीने राखून ठेविलेल्या यजमानाच्या बळे मुलुखावरचे संकट निवारले, आणि त्याबद्दल त्यांस वरून शाबासकी आली. तीस सेवकाची हरकत नाही. परंतु त्याच दुपारी, ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी, आबांनी लेकीचा हात आपण होऊन सोडिला, आणि पाठ ताठ करून एकटे आत गेले. ती फत्ते कोणत्याही दफ्तरी कोणाच्याही नावे चढली नाही, सबब येथे नमूद केली असे.